संमतीचा मालक कोण?

वाचकहो, १८७२ च्या करार कायद्याचे १४ वे कलम कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला घोकावे लागते. संमती स्वतंत्र केव्हा मानावयाची, हे त्या कलमात सांगितले आहे. जुलूम, गैरवाजवी दडपण, कपट, खोटी माहिती अथवा चूक यांपैकी कशाच्याही योगाने ती मिळविलेली नसेल, तरच ती स्वतंत्र. ज्यांच्या आजा-पणजांनी सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठे उमटविले, त्यांना या कलमाचे मोल निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. अंगठा आपला असतो, पण तो धरून कागदावर दाबणारा हात दुसऱ्याचा असतो, हे आपल्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे.

परंतु या गोष्टीला दुसरी एक बाजू आहे आणि तिच्याकडे कायद्याचे लक्ष क्वचितच जाते. दडपून घेतलेली सही कायदा ओळखतो व ती रद्द करण्याचा मार्गही दाखवितो. दडपून रोखलेली सही मात्र त्याला दिसतच नाही. जी सही झालीच नाही तिचा कागद नाही, कागद नाही म्हणून साक्षीदार नाही, आणि साक्षीदार नाही म्हणून दावाही नाही. आज मी तुमच्यापुढे जो प्रश्न मांडीत आहे तो अशा न झालेल्या सह्यांचा, आणि झाल्या तरी उंबरठा ओलांडताच निकामी ठरलेल्या सह्यांचा आहे. एच. आय. व्ही. या विषाणूवरील औषधांचे व प्रतिबंधक उपायांचे संशोधन जगात सुमारे चार दशके चालू आहे. त्यात स्त्रियांचा सहभाग हवा, असे सर्वच मान्यवर म्हणतात. पण तो सहभाग नवऱ्याच्या किंवा सहचराच्या मारहाणीमुळे आतून पोखरला जातो, हे सांगताना त्यांचा आवाज एकाएकी बारीक होतो.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. संशोधनात भाग घ्यावयाचा की नाही, हा निर्णय त्या स्त्रीचा एकटीचा आहे. तिच्या नवऱ्याला त्यात मतही नाही आणि नकाराधिकारही नाही. जे संशोधन घरातल्या मारहाणीकडे ‘हा त्यांचा खासगी मामला’ म्हणून डोळेझाक करते, ते हा नकाराधिकार आपल्या हाताने नवऱ्याला बहाल करते, आणि वर स्वतःचे निष्कर्षही नासवून घेते.

तुम्ही म्हणाल, वकीलसाहेब, हा रोग बाहेरख्याली लोकांचा, आमच्या संसारी घरांशी त्याचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो शोधावयास पुण्यापलीकडे जावे लागत नाही. १९९२ साली पुण्यानजीक भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्याच्या गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी केली. त्यांतील ३९१ स्त्रिया वेश्याव्यवसायातील नव्हत्या, आणि त्यांच्यांतील बहुतेकींचा नवऱ्यावाचून दुसऱ्या पुरुषाशी संबंध आलेला नव्हता. तरीही या ३९१ जणींपैकी १३.६ टक्के स्त्रियांच्या रक्तात हा विषाणू सापडला. या स्त्रिया आधीच आजारी म्हणून चिकित्सालयात आलेल्या होत्या, तेव्हा हे प्रमाण साऱ्या पुण्याचे नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण विवाह हे स्त्रीचे कवच नव्हे, एवढे त्यावरून निःसंशय सिद्ध झाले.

पुढे २००५–०६ च्या तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतील २८ हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांची माहिती तपासून २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रियांनी नवऱ्याकडून मारहाण आणि शरीरसंबंधाची बळजबरी असे दोन्ही अत्याचार सोसले होते, त्यांच्यांत एच. आय. व्ही. ची लागण अशा अत्याचारापासून मुक्त असलेल्या स्त्रियांच्या जवळजवळ चौपट आढळली. यावर कोणी चतुर प्रतिपक्षी विचारील की, लागण झाली म्हणून मारले, की मारले म्हणून लागण झाली? प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर २०१० साली दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतातून मिळाले. तेथे आरंभी निरोगी असलेल्या एक हजाराहून अधिक तरुण स्त्रियांवर सुमारे दोन वर्षे लक्ष ठेवण्यात आले. ज्यांना सहचराची वारंवार मारहाण होती, किंवा ज्यांचे घरात काहीच चालत नव्हते, त्यांना पुढे लागण अधिक झाली. म्हणजे मारहाण आधी, लागण नंतर.

येथे आपल्या फौजदारी कायद्याविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता अंमलात आली. दीडशे वर्षांहून जुनी दंडसंहिता मोडीत निघाली, पण अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेला बलात्कार हा बलात्कार नव्हे, हा जुना अपवाद नव्या संहितेच्या ६३ व्या कलमात जसाच्या तसा बसविण्यात आला. आणि आमचे आरोग्य प्रचारक भिंतीवर लिहितात, ‘निरोध वापरा’! कोणाला सांगता? ज्या स्त्रीचा ‘नाही’ हा शब्द संहिताही ऐकून घेत नाही, तिला?

ज्या स्त्रीला नवऱ्याला नकार देता येत नाही, तिच्या हाती स्वतःचे काही साधन असावे, हा विचार त्यामुळेच संशोधकांच्या मनात आला. नवऱ्याच्या संमतीवाचून, प्रसंगी त्याच्या नकळत वापरता येईल अशी गोळी किंवा योनिमार्गात लावावयाचे जेल का असू नये? विचार थोर होता. अशा जेलची एक प्राथमिक चाचणी न्यूयॉर्क व बर्मिंगहॅम या अमेरिकन शहरांबरोबर आपल्या पुण्यातही झाली होती, आणि तीत तिन्ही ठिकाणच्या मिळून २०० स्त्रिया होत्या. परंतु मोठी कसोटी लागली ती आफ्रिकेत, कारण या विषाणूचा सर्वांत मोठा भार तेथील स्त्रियांवर पडलेला आहे. म्हणून मी तुम्हांस आता तेथे नेतो.

२००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे या तीन देशांत ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. ५,०२९ निरोगी स्त्रियांनी तिच्या संमतिपत्रावर सह्या केल्या. कोणाला रोज घ्यावयाची गोळी, कोणाला रोज लावावयाचे जेल, आणि तुलनेसाठी कोणाला तशीच दिसणारी पण औषध नसलेली वस्तू देण्यात आली. दर महिन्याला स्त्रिया येत, उरलेल्या गोळ्या परत करीत, आणि औषध नियमित घेतल्याचे सांगत. या सांगण्यावरून व मोजदादीवरून पाहता दहांतील नऊ मात्रा घेतल्या गेल्या होत्या. परंतु चाचणीअखेर साठविलेले रक्त तपासले, तेव्हा औषधाचा अंश २५ ते ३० टक्के नमुन्यांतच सापडला. चाचणीच्या काळात ३१२ स्त्रियांना लागण झाली आणि तिन्ही औषधे निरुपयोगी ठरली. वास्तविक गोळीतील तीच औषधे केनिया व युगांडा येथील जोडप्यांच्या एका चाचणीत उत्तम गुणकारी ठरली होती. तेव्हा दोष औषधाचा नव्हता, ते पोटातच गेले नव्हते.

झाले! ‘बायका खोटे बोलल्या’ असा बोभाटा सुरू झाला. फुकट तपासणी व प्रवासखर्च घेतला आणि गोळ्या फेकून दिल्या, असे म्हणणारे शहाणे पुष्कळ निघाले.

वाचकहो, मी न्यायालयात उभा राहणारा मनुष्य आहे. साक्षीदार फुटतो तेव्हा कच्चा वकील त्याला खोटारडा म्हणून मोकळा होतो. मुरलेला वकील आधी मागे वळून पाहतो की, न्यायालयाच्या बाकावर कोण येऊन बसले आहे. व्हॉइस चाचणीतील स्त्रियांच्या नंतर सविस्तर मुलाखती घेण्यात आल्या, त्यांत त्या बाकावर बसलेली मंडळी दिसू लागली. एकटा नवराच तेथे होता असे मी म्हणणार नाही. औषध बाधेल अशी भीती होती, शेजारणींची कुजबुज होती, निरोगी माणसाने गोळी का घ्यावी ही शंकाही होती. पण सहचर त्या बाकावर ठळकपणे बसलेला होता. रोगी माणसे जी गोळी घेतात तशीच ही गोळी. डबी सापडली की प्रश्न ठरलेला: तुला रोग झाला आहे काय? झाला असेल तर कोणाकडून आणलास? आणि या प्रश्नामागून काय येते, हे ज्या घरात ते येते त्या घरातील स्त्रीला ठाऊक असते.

अशा स्थितीत ती काय करील? चाचणी सोडावी, तर नियमित रक्ततपासणी, डॉक्टरांची भेट, दोन घटका कोणी आपुलकीने विचारपूस करणारे माणूस, हे सारे जाते. औषध घ्यावे, तर घरात मार बसतो. म्हणून ती तिसरा मार्ग काढते. गोळ्या मोजून बाजूला करते, डबी जशी रिकामी दिसावयास हवी तशी रिकामी करते, आणि ‘नियमित घेते’ असे सांगते. याला खोटेपणा म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा. पण मग ज्या संशोधकाने तिला घरची स्थिती कधी नीट विचारलीच नाही, त्याच्या अज्ञानाला काय नाव द्यावयाचे, तेही सांगा.

हे केवळ भावनेचे बोलणे नव्हे. वर ज्या केनिया-युगांडातील जोडप्यांच्या चाचणीचा उल्लेख केला, तिच्यातील १,७८५ स्त्रियांची माहिती याच दृष्टीने तपासण्यात आली व २०१६ साली प्रसिद्ध झाली. चाचणीच्या काळात १६ टक्के स्त्रियांनी सहचराचा अत्याचार झाल्याचे सांगितले. गेल्या तीन महिन्यांत ज्यांच्यावर असा अत्याचार झाला होता, त्यांच्यांत गोळी पुरेशी न घेतली जाण्याचा धोका इतरांच्या सुमारे दीडपट होता, आणि हे रक्ताच्या तपासणीनेही दिसले. कारणे विचारली तेव्हा स्त्रियांनी सांगितले की, मनस्तापात गोळीचे भानच राहत नाही. मार चुकविण्यासाठी घर सोडून पळावे लागते तेव्हा गोळ्या घरीच राहतात. आणि काही वेळा सहचरच गोळ्या फेकून देतो. लक्षात घ्या, ही जोडपी एकत्र नाव नोंदवून आलेली होती. नवऱ्याला सर्व माहीत होते, त्याने स्वतः सही केली होती, आणि तरीही हे घडले. ज्यांचा असा समज आहे की नवऱ्याला विश्वासात घेतले म्हणजे स्त्री निर्धास्त झाली, त्यांनी हा आकडा उशाशी ठेवून झोपावे.

गोळ्या फेकणाऱ्या त्या हाताविषयी कायद्याचा विद्यार्थी म्हणून थोडे अधिक बोलतो. आपल्या देशात २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसाचाराची व्याख्या काठीपुरती मर्यादित ठेवलेली नाही. स्त्रीचे आरोग्य, सुरक्षितता, जीवित किंवा स्वास्थ्य धोक्यात आणणारे वर्तनही तीत येते, मग ते मानसिक असो, लैंगिक असो वा आर्थिक असो. माझ्या मते बायकोचे औषध गटारात टाकणे, तिचे दवाखान्याचे कार्ड फाडणे, तिला तपासणीच्या दिवशी कोंडून ठेवणे किंवा बसभाड्याचे पैसे काढून घेणे, ही सर्व कृत्ये या व्याख्येत बसतात. त्यासाठी गालावर वळ उठलेला असण्याची गरज नाही.

संशोधकांनी औषधी कड्याचाही उपाय काढला. योनीत बसवावयाचे हे मऊ कडे महिनाभर आत राहते व सहसा पुरुषाला कळत नाही, असा हिशेब होता. २०१२ ते २०१५ या काळात मलावी, दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथील २,६२९ स्त्रियांवर त्याची ‘अस्पायर’ नावाची चाचणी झाली आणि लागण २७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. पण येथेही चाचणीत भाग घेतल्यामुळे सहचराकडून त्रास झाल्याची नोंद काही स्त्रियांनी केली, आणि ज्या महिन्यात असा त्रास झाला त्या सुमारास त्यांचा कड्याचा वापर खाली आला. नोंद करणाऱ्या थोड्या होत्या. ज्यांनी नोंद केली नाही त्या किती असतील, याचा अंदाज न्यायालयाच्या आवारात एक वर्ष काढलेला कोणीही बांधू शकेल.

आणि हे सर्व आकडे दाराच्या आत आलेल्या स्त्रियांचे आहेत. ज्या दारापर्यंतच आल्या नाहीत त्यांचे काय? २०११ साली जगभर गाजलेल्या एका चाचणीचे उदाहरण घ्या. नऊ देशांतील १,७६३ जोडपी तीत होती, आणि पुणे व चेन्नई ही तिची भारतातील केंद्रे होती. जोडप्यातील एकाला लागण व दुसरा निरोगी, अशी ही जोडपी. रोगी जोडीदाराला लवकर औषध सुरू केले तर निरोगी जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी टळते, हे या चाचणीने सिद्ध केले, आणि त्यायोगे आज लक्षावधी संसार सुखरूप आहेत. तिचे ऋण मी मानतो. पण तीत प्रवेशाची अट होती की, रक्ताचा निकाल जोडीदाराला सांगण्याची तयारी हवी. अट समजण्यासारखी आहे, तिच्यावाचून तो अभ्यासच झाला नसता. तरीही विचार करा, ‘मला लागण झाली आहे’ हे शब्द उच्चारताच जिला घराबाहेर काढले जाईल, ती स्त्री या दारातून आत कशी येणार? जोडप्यांवरील कित्येक अभ्यासांत तर मारहाण होत असल्याचे सांगणाऱ्या स्त्रीला तिच्याच सुरक्षिततेसाठी म्हणून वगळले जाते. परिणामी ज्ञान तयार होते ते सुखी जोडप्यांचे, आणि मग तेच ज्ञान दुःखी जोडप्यांना लागू केले जाते.

येथे प्रतिपक्षाचे तीन कैवारी उभे राहतात.

पहिला म्हणतो, एवढी भानगड कशाला? नवऱ्याची परवानगी आधीच घ्या, म्हणजे तो चिडणार नाही. या सूचनेत सौजन्य दिसते, पण तिचा अर्थ काढून पाहा. जो मारतो त्याचीच परवानगी मागावयाची, तीही तो मारू नये म्हणून! वैद्यकीय संशोधनाची आंतरराष्ट्रीय नीती ठरविणाऱ्या सीऑम्स या संस्थेने २०१६ साली स्वच्छ शब्दांत सांगितले आहे की, संशोधनात भाग घेण्यास फक्त त्या स्त्रीचीच संमती आवश्यक आहे, आणि दुसऱ्या कोणाच्याही परवानगीने तिची जागा घेता कामा नये. तिला स्वतःहून नवऱ्याशी, आईशी, मैत्रिणीशी बोलावेसे वाटले तर तिने अवश्य बोलावे. सल्ला निराळा आणि परवानगी निराळी. आपल्यातील पुरुषांना मी विचारतो: गावच्या पाटलाला ‘तुझी परवानगी कशाला?’ असे विचारण्याची हिंमत ज्यांनी दाखविली, ते घराचे दार लावून घेतल्यावर स्वतःच पाटील का होतात?

दुसरा कैवारी दयाळू आहे. तो म्हणतो, मार खाणाऱ्या स्त्रियांना संशोधनात घेऊच नका, बिचाऱ्यांना आणखी त्रास कशाला? ही दया महाग पडते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित अथवा विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा अत्याचार सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रातही सुमारे चौघींपैकी एकीने तसे सांगितले. एवढ्या स्त्रियांना वगळून जे औषध सिद्ध होईल ते कोणासाठी सिद्ध होईल? ज्यांना लागणीचा धोका सर्वांत अधिक त्यांनाच परीक्षेतून बाद करावयाचे, आणि पुढे औषध बाजारात आले की ते त्यांनाच द्यावयाचे! मारणाऱ्याला काहीच शिक्षा नाही आणि मार खाणारीला हद्दपारी, असा हा न्याय आहे.

तिसरा कैवारी विज्ञानाचा भक्त आहे व त्याचे म्हणणे सर्वांत आकर्षक आहे. तो म्हणतो, आता इंजेक्शन आले, प्रश्न मिटला. यात तथ्य आहे, ते मी लपविणार नाही. दोन महिन्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनाची चाचणी आफ्रिकेतील सात देशांतील ३,२२४ स्त्रियांवर झाली. ते रोजच्या गोळीपेक्षा इतके सरस ठरले की, नोव्हेंबर २०२० मध्येच निकाल जाहीर करण्यात आला. २०२४ साली सहा महिन्यांतून एकदा घ्यावयाचे लेनाकापाविर हे औषध दक्षिण आफ्रिका व युगांडा येथील तरुण स्त्रियांत तपासले गेले. ते मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. घरात डबी नाही, उशीखाली गोळी नाही, नवऱ्याच्या हाती फेकण्यासारखे काही नाही. मोठीच प्रगती झाली. तथापि दर खेपेला दवाखान्यात तर यावे लागतेच. कुठे गेली होतीस, हा प्रश्न घरी वाट पाहत असतोच. आणि हे औषध एका विषाणूला थोपविते, नवऱ्याच्या मुठीला नव्हे. स्त्रीला आपले आरोग्य चोराप्रमाणे लपवून राखता यावे, एवढ्यावर ज्यांचे समाधान होते त्यांची स्त्रीच्या हक्कांची कल्पना फारच स्वस्त म्हटली पाहिजे.

मग करावयाचे काय? उत्तर नवे शोधावयास नको. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ सालीच घरगुती मारहाणीवरील संशोधनासाठी सुरक्षिततेचे नियम छापले आहेत. मुलाखत एकांतातच व्हावी. घरात अभ्यासाचे नाव असे सांगावे की कोणाला संशय येऊ नये. एका घरातून एकाच स्त्रीला विचारावे, म्हणजे सासू-जावांत ही गोष्ट फिरणार नाही. मध्येच कोणी आले तर विषय बदलता यावा, म्हणून दुसरी निरुपद्रवी प्रश्नावली हाताशी ठेवावी. विचारणारीला विचारावे कसे याचे शिक्षण द्यावे, आणि मदत कोठे मिळते त्याची माहिती तिच्याजवळ असावी. हे नियम मारहाणीच्या अभ्यासासाठी लिहिले गेले. माझा आग्रह असा की, एच. आय. व्ही. च्या ज्या ज्या संशोधनात स्त्रिया आहेत, त्या प्रत्येकाला ते लागू करावेत. औषधाचा यकृतावर काय परिणाम होतो हे दर भेटीत तपासतात ना? मग चाचणीचा तिच्या घरावर काय परिणाम होतो, हेही दर भेटीत तपासले पाहिजे. आणि मारहाण कमी करता येत नाही, हे तर कोणी बोलूच नये. दक्षिण आफ्रिकेच्या लिंपोपो प्रांतात गरीब स्त्रियांना लहान कर्जे व त्यांच्या जोडीला हक्कांचे शिक्षण देण्यात आले, तेव्हा सहचराची मारहाण निम्म्याहून कमी झाल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले आहे. लागण त्याने घटली नाही, हेही त्याच निबंधात आहे. पण मारहाण घटली, ही गोष्ट काय लहान आहे?

भारतात तर कायदा संशोधकांच्या एक पाऊल पुढे गेला आहे. एच. आय. व्ही. व एड्स प्रतिबंधाचा २०१७ चा अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे या आजाराच्या व्यक्तीवर तिच्या माहितीपूर्ण संमतीवाचून संशोधन करता येत नाही, आणि त्या संमतीच्या व्याख्येत जुलूम व दडपण यांच्या जोडीला ‘धमकी’ हा शब्द आहे. नवव्या कलमात डॉक्टर व समुपदेशक यांना, काही अटी पाळून, रुग्णाच्या जोडीदाराला लागणीविषयी सांगण्याची मुभा आहे. परंतु जर ती रुग्ण स्त्री असेल, आणि सांगितल्यामुळे तिच्यावर हिंसाचार होईल किंवा तिला टाकून दिले जाईल अशी वाजवी भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला सांगता येणार नाही, असे तेच कलम बजावते. संसदेने जी भीती कायद्याच्या पुस्तकात नोंदविली, ती संशोधकाच्या नोंदवहीत का नसावी? डॉक्टरच्या तोंडाला कायद्याने कुलूप लावले. पण चाचणीच्या केंद्रातून रात्री नवऱ्याच्या फोनवर येणारा निरोप, पिशवीवर छापलेले केंद्राचे नाव, घरापर्यंत शोध घेत येणारा कार्यकर्ता, ही तोंडे उघडी राहिली तर त्या कुलपाचा उपयोग काय?

भगिनींनो, तुमच्यापैकी कोणाला अशा अभ्यासाचे बोलावणे आले तर घाबरू नका आणि घाईही करू नका. संमतिपत्र मराठीत मागा, घरी नेण्यात धोका असेल तर तेथेच वाचून घ्या, आणि विचारा: मला फोन कोण करील, कोणत्या नंबरावर, काय नाव सांगून? माझ्या नवऱ्याने त्रास दिला तर तुम्ही काय कराल? याचे उत्तर ज्याच्याजवळ तयार नाही त्याला सांगा, तयार करून ये, मग सही. मध्येच सोडावेसे वाटले तर सोडण्याचाही तुम्हांला हक्क आहे व त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबविता येत नाहीत. आणि हात उगारला गेलाच, तर २००५ च्या अधिनियमाच्या १२ व्या कलमाखाली अर्ज करा. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी असे कायदा सांगतो, घर नवऱ्याच्या नावावर असले तरी त्यात राहण्याचा तुमचा हक्क १७ व्या कलमाने राखला आहे, आणि वकिलाची फी विधी सेवा प्राधिकरण देते. स्त्री असणे एवढीच त्यासाठी पात्रता आहे, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

राहिली एक खुर्ची. २०१९ च्या औषध-चाचणी नियमांप्रमाणे प्रत्येक एथिक्स कमिटीत, म्हणजे चाचणी नीतीला धरून आहे की नाही हे पाहणाऱ्या समितीत, किमान सात सभासद असावे लागतात. त्यांत कमीत कमी एक स्त्री, एक कायदा जाणणारा व एक सामान्य नागरिक हवा, आणि निम्मे सभासद त्या संस्थेबाहेरचे हवेत. ‘किमान एक स्त्री’ म्हणजे काय, हे आपण जाणतो. ती एकच असते, आणि चहा येईपर्यंत तिचे ऐकले जाते. आपल्या वस्त्यांतून आता कायदा शिकलेल्या, समाजकार्य शिकलेल्या, परिचारिका झालेल्या मुली आहेत. त्यांनी आपल्या शहरातील वैद्यकीय महाविद्यालयाला लेखी अर्ज करून ही सभासदत्वे मागावीत. अर्ज कसा लिहावा हे ज्यांना समजून घ्यावयाचे असेल, त्यांनी या पाक्षिकाच्या पत्त्यावर मला लिहावे. मसुदा मी विनामूल्य करून देईन.